डॉसचा डिव्हाइस ड्रायव्हर सी भाषेत लिहिताना: आधी रिकामा सांगाडा बूट करा, मग सी जोडा

सीमध्ये लिहिलेला डॉसचा ड्रायव्हर पहिल्यांदा बूट केला की बहुतेकांचे यंत्र गोठते किंवा पुन्हापुन्हा सुरू होत राहते. मग मंडळी सी कोड उलटापालटा करायला घेतात. चूक तिथे क्वचितच सापडते. ती असते सी आणि डॉस जिथे एकमेकांना भेटतात तिथे: हेडर फाइलच्या सुरुवातीला नसतो, स्टॅक पुरत नाही, कंपायलर स्ट्रक्चरमध्ये गुपचूप एक बाइट घुसवतो, नाहीतर शेवटचा पत्ता चुकीचा दिला जातो. या चुका एकदम केल्या तर कोणती कुठली हे ओळखता येत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हा लेख एमएस-डॉस ५.०, टर्बो सी २.०१ किंवा टर्बो सी++ ३.० आणि टर्बो असेंब्लर धरून लिहिला आहे. कोड ८०८६ च्या रिअल मोडचा आहे. हेक्स आकड्यांच्या शेवटी ‘एच’ लावला आहे. उदाहरण म्हणून आपण ‘नोंद’ नावाचे कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणजे बाइटची रांग म्हणून वाचता-लिहिता येणारे डिव्हाइस, करणार आहोत. त्यात जे लिहाल ते २०४८ बाइटच्या गोल बफरमध्ये राहते आणि वाचले की परत मिळते. यात हार्डवेअर काहीच नाही, आणि पहिल्या ड्रायव्हरसाठी तेच हवे. पहिल्याच फटक्यात डिस्कसारखा ब्लॉक ड्रायव्हर घेऊ नका. तिथे मीडिया चेक (डिस्क बदलली का हे पाहणे) आणि बीपीबीचा (डिस्कच्या रचनेचा तक्ता) गोंधळ वाढतो आणि चुकीची शिक्षा फाइल सिस्टमला भोगावी लागते.

## टप्पा १: तयारी

ड्रायव्हर कॉन्फिग.सिसमधून, म्हणजे डॉस बूट होताना वाचतो त्या फाइलमधून चढतो, प्रॉम्प्ट देणारा कमांड.कॉम येण्याच्या आधी. तो अडकला तर प्रॉम्प्टच मिळत नाही. एफ५ दाबून कॉन्फिग.सिस टाळण्याची सोय एमएस-डॉस ६ पासून आली. ५.० मध्ये ती नाही.

म्हणून चाचणीसाठी स्वतंत्र बूट फ्लॉपी करा. फॉरमॅट करताना सिस्टम फाइल्स टाका. तिच्यावर कॉन्फिग.सिस, तुमचा ड्रायव्हर, डीबग आणि मेम या दोन उपयुक्त फाइल्स, एवढेच ठेवा. हार्ड डिस्कवरच्या कॉन्फिग.सिसला शेवटच्या टप्प्यापर्यंत हात लावू नका. जुने यंत्र हाताशी नसेल तर क्यूईएमयू किंवा ८६बॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये फ्लॉपीची प्रतिमा वापरा. मूळ डॉसबॉक्स इथे चालणार नाही. त्यातला डॉस अंगभूत आहे आणि तो कॉन्फिग.सिसमधले ड्रायव्हर चढवत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये ज्यांनी टर्बो सी निळ्या खिडकीतूनच वापरले त्यांच्यासाठी दोन सूचना. पहिली, ती खिडकी इथे बाजूला ठेवा. ती लिंक करताना स्वतःचा स्टार्टअप कोड जोडते आणि तोच आपल्याला नको आहे. कमांड लाइनवरचा कंपायलर आणि लिंकर वापरा. दुसरी, टर्बो सी++ मध्ये फाइलला सवयीने ‘.सीपीपी’ विस्तार मिळतो. मग कंपायलर फंक्शनची नावे बदलून टाकतो, असेंबलीतून ती सापडत नाहीत आणि लिंकर ‘अनडिफाइन्ड सिंबॉल’ म्हणत बसतो. फाइल ‘.सी’ म्हणूनच ठेवा.

इशारा: डिव्हाइसचे नाव आणि सोर्स फाइलचे नाव सारखे ठेवू नका. डिव्हाइसचे नाव ओळखताना डॉस विस्ताराकडे आणि डिरेक्टरीकडे बघत नाही. ‘नोंद’ नावाचे डिव्हाइस चढले की ‘नोंद.सी’, ‘नोंद.एएसएम’, ‘नोंद.सिस’ या सगळ्या फाइल्स त्या यंत्रावर दिसेनाशा झाल्यासारख्याच होतात, कारण त्या उघडायला गेलात की डिव्हाइस उघडते. एडिटरमधून सोर्स सेव्ह केला तर तो ड्रायव्हरच्या बफरमध्ये जाईल. आपल्या फाइल्सना ‘एनडीसांगाडा’सारखे लांब नाव देता येत नाही, आठ अक्षरांची मर्यादा आहे. ‘एनडीआरव्ही’ पुरे.

## टप्पा २: फक्त असेंबलीतला रिकामा ड्रायव्हर

सीची एकही ओळ अजून लिहायची नाही. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो गाळतात आणि नंतर सगळा वेळ तिथेच घालवतात.

ड्रायव्हरची फाइल १८ बाइटच्या हेडरने सुरू व्हायलाच हवी. कॉम फाइलसारखे १००एच पासून नव्हे, शून्यापासून. हेडरची मांडणी अशी:

- ऑफसेट ०, चार बाइट: पुढच्या ड्रायव्हरचा पत्ता. सगळे एफएफएच भरा, खरा पत्ता डॉस भरतो.
- ऑफसेट ४, दोन बाइट: गुणधर्म. कॅरेक्टर डिव्हाइससाठी १५वा बिट चालू, म्हणजे ८०००एच.
- ऑफसेट ६, दोन बाइट: स्ट्रॅटेजी रूटीनचा ऑफसेट.
- ऑफसेट ८, दोन बाइट: इंटरप्ट रूटीनचा ऑफसेट.
- ऑफसेट १०, आठ बाइट: नाव, रोमन कॅपिटल अक्षरांत, उरलेली जागा स्पेसने भरलेली.

गुणधर्मात उगाच जास्तीचे बिट लावू नका. १४वा बिट लावला की तुम्ही आयओसीटीएल (डिव्हाइसला नियंत्रणाचा मजकूर देण्याघेण्याची सोय) हाताळता असे डॉस धरते, ११वा लावला की उघडणे-बंद करणे यांचे आदेश येऊ लागतात. शून्य आणि एक हे बिट तर कीबोर्ड-पडद्याची जागा घेण्यासाठी आहेत.

हेडरला लागूनच स्ट्रॅटेजी रूटीन लिहा. डॉस विनंतीचा पत्ता ईएस आणि बीएक्स या जोडीत देतो. स्ट्रॅटेजीने तो साठवायचा आणि फार रिटर्नने (सेगमेंट आणि ऑफसेट दोन्ही स्टॅकवरून उचलणारी सूचना) परत जायचे. दुसरे काही करायचे नाही. साठवताना सीएसचा आधार घ्या. त्या क्षणी डीएस तुमचा नसतो.

इंटरप्ट रूटीनच्या नावावर जाऊ नका. हा हार्डवेअर इंटरप्ट नाही, डॉसने केलेला साधा फार कॉल आहे. परत जाताना फार रिटर्नच हवा. आयरेट (हार्डवेअर इंटरप्टमधून परतायची सूचना) लिहिलात तर स्टॅकवरून एक वर्ड जास्त उचलला जाईल आणि यंत्र तिथेच संपेल.

रिकाम्या ड्रायव्हरच्या इंटरप्ट रूटीनने एवढेच करावे: वापरायची रजिस्टरे जपावीत, साठवलेला पत्ता ईएस-बीएक्समध्ये घ्यावा आणि ऑफसेट २ वरचा आदेश क्रमांक पाहावा. तो शून्य असेल तर ऑफसेट १४ वर आपल्या कोडच्या शेवटाचा ऑफसेट, ऑफसेट १६ वर सीएस आणि ऑफसेट ३ वर ०१००एच लिहावे. दुसरा कोणताही आदेश असेल तर ऑफसेट ३ वर ८१०३एच, म्हणजे ‘चूक, काम संपले, हा आदेश मला माहीत नाही’. मग रजिस्टरे पूर्ववत करून परत.

तपासणी: तयार झालेली फाइल डीबगमध्ये उघडा आणि १००एच पासून बाइट पाहा (डीबग फाइल १००एच वर चढवतो, फाइलमध्ये तीच जागा शून्य आहे). हेडरला लागून स्ट्रॅटेजी असेल तर हे असेच दिसायला हवे:

एफएफ एफएफ एफएफ एफएफ ०० ८० १२ ०० १डी ०० ४ई ४एफ ४ई ४४ २० २० २० २०

पहिले चार बाइट पुढचा पत्ता. ‘०० ८०’ म्हणजे उलट्या क्रमाने ८०००एच. ‘१२ ००’ म्हणजे स्ट्रॅटेजी १२एच वर, हेडरच्या बरोब्बर १८ बाइटनंतर. स्ट्रॅटेजी स्वतः ११ बाइटची: बीएक्स साठवायला पाच, ईएस साठवायला पाच आणि फार रिटर्नचा एक, जो ‘सीबी’ असा दिसतो. म्हणून इंटरप्ट रूटीन १डीएच वर. शेवटचे आठ बाइट रोमन लिपीतल्या ‘नोंद’ची चार अक्षरे आणि चार स्पेस. तुमचे आकडे वेगळे असतील तर वेगळे का आहेत ते सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर बूट करू नका.

आता फ्लॉपीवरून बूट करा. प्रॉम्प्ट आला की मेमला डीबगचा पर्याय देऊन यादी पाहा, नोंद तिथे दिसली पाहिजे. मग एखादी छोटी फाइल नोंदवर कॉपी करा. डॉस तक्रार करेल आणि ‘अबॉर्ट, रिट्राय’चा प्रश्न विचारेल. त्या संदेशात तुमच्या डिव्हाइसचे नाव दिसले की हा टप्पा पार झाला. इथे चूक झाल्याचा संदेश हेच यश आहे.

## टप्पा ३: सीला कॉल करण्याआधी घर आवरून घ्या

सगळ्यात जास्त ड्रायव्हर याच टप्प्यात मरतात, म्हणून इथे सावकाश जा.

सी फंक्शन काही गोष्टी गृहीत धरते: डीएस आपल्या डेटाकडे बघतो, एसएस आणि डीएस एकच आहेत, स्टॅक भरपूर आहे, आणि स्ट्रिंगच्या सूचना पुढच्या दिशेने चालतात. डॉस यातले काहीच देत नाही. डॉसच्या स्टॅकवर तुमच्यासाठी साधारण वीस पुश होतील एवढीच जागा धरायची असते. सीचे एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, त्यात चार लोकल व्हेरिएबल असतात, की ती जागा संपली. त्याचा परिणाम लगेच दिसेलच असे नाही. डॉसचा स्वतःचा डेटा पुसला जातो आणि यंत्र दहा मिनिटांनी भलत्याच कमांडवर कोसळते.

इंटरप्ट रूटीनचा क्रम असा ठेवा:

1. फ्लॅग आणि एएक्स, बीएक्स, सीएक्स, डीएक्स, एसआय, डीआय, बीपी, डीएस, ईएस हे सगळे डॉसच्या स्टॅकवर पुश करा. हे दहा वर्ड झाले, एवढे चालते.
2. एसएस आणि एसपी यांच्या किमती सीएसच्या आधाराने आपल्या जागेत साठवा.
3. इंटरप्ट बंद करा, एसएसमध्ये सीएसची किंमत घाला, एसपी आपल्या स्टॅकच्या वरच्या टोकाला न्या, इंटरप्ट चालू करा. एसएस बदलल्यावर पुढच्या एका सूचनेपुरते प्रोसेसर स्वतःच इंटरप्ट रोखतो हे खरे, पण सुरुवातीच्या काही ८०८८ चिपमध्ये ते होत नव्हते. जुन्या यंत्रासाठी लिहीत असाल तर स्वतः बंद करा.
4. डीएसमध्ये सीएसची किंमत घाला. दिशेचा फ्लॅग साफ करा.
5. विनंतीचा फार पॉइंटर पुश करा: आधी सेगमेंट, मग ऑफसेट. सी फंक्शनला निअर कॉल करा. परत आल्यावर एसपीत चार मिळवा.
6. एएक्समध्ये आलेली किंमत ०१००एच शी ऑर करा आणि विनंतीच्या ऑफसेट ३ वर लिहा. ईएस-बीएक्स पुन्हा साठवलेल्या जागेतून घ्या, सीने ते बदललेले असतात.
7. इंटरप्ट बंद, जुने एसएस-एसपी परत, मग दहाही वर्ड उलट्या क्रमाने पॉप, आणि फार रिटर्न.

‘काम संपले’ हा आठवा बिट मुद्दाम असेंबलीत लावला आहे. सीच्या प्रत्येक फांदीत तो लावायचा ठरवलात तर एखाद्या फांदीत राहून जातोच. सी फंक्शनने फक्त शून्य, किंवा चूक असेल तर ८००३एच सारखी किंमत परत करावी.

आपल्या स्टॅकसाठी ५१२ बाइट पुरतात. मात्र स्टॅक, साठवलेला विनंतीचा पत्ता आणि जुने एसएस-एसपी या तिन्ही गोष्टी कोडच्या सेगमेंटमध्येच ठेवा. बीएसएसमध्ये, म्हणजे किंमत न दिलेल्या व्हेरिएबलांच्या सेगमेंटमध्ये, ठेवू नका. का, ते सहाव्या टप्प्यात कळेल.

इशारा: एमओव्ही एएक्स, डीग्रुप अशी सूचना कुठेही लिहू नका (डीग्रुप हे सेगमेंटच्या गटाचे नाव, तो सहाव्या टप्प्यात येईल). तिला सेगमेंटचा पत्ता चढवताना भरावा लागतो. आपली फाइल नुसती बाइटची रांग आहे, तिच्यात तशी सोय नाही. डीएस भरायचा तर सीएस पुश करून डीएस पॉप करा.

## टप्पा ४: सी कोड आणि कंपायलरचे पर्याय

टायनी मॉडेल (कोड आणि डेटा एकाच सेगमेंटमध्ये) निवडा, फक्त कंपाइल करा, लिंक नको. स्टॅक-तपासणी बंद ठेवा. ती चालू असेल तर कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एसपीची तुलना स्टार्टअप कोडमधल्या एका व्हेरिएबलशी करतो, आणि आपल्याकडे तो कोडच नाही. फ्लोटिंग पॉइंट बंद. संरेखन (अलाइनमेंट, म्हणजे स्ट्रक्चरमधले घटक कोणत्या पत्त्यांवर बसवायचे) बाइटवर.

शेवटची गोष्ट नीट समजून घ्या. विनंतीच्या हेडरमध्ये पहिला बाइट लांबी, दुसरा युनिट, तिसरा आदेश, आणि लगेच ऑफसेट ३ वर दोन बाइटची स्थिती. तीन हा विषम आकडा आहे. कंपायलरला वर्डवर संरेखन करायला सांगितले असेल तर तो मध्ये एक रिकामा बाइट टाकतो. मग स्थिती चारवर जाते आणि पुढचे सगळे एकेक घर सरकते. सी कोड वाचून हे कधीच दिसत नाही. टर्बो सीत मूळ सेटिंग बाइटचेच असते, पण मायक्रोसॉफ्ट सीमध्ये स्ट्रक्चर एक बाइटवर बांधण्याचा पर्याय स्वतः द्यावा लागतो.

स्थितीनंतर आठ बाइट राखीव. इथे मूळ हेडर १३ बाइटला संपतो. वाचन-लेखनाच्या विनंतीत ऑफसेट १३ वर मीडिया बाइट, १४ वर बफरचा फार पॉइंटर आणि १८ वर संख्या.

सी लिहिताना हे पाळा:

- विनंतीकडे आणि डॉसच्या बफरकडे नेहमी फार पॉइंटरनेच बघा. टायनी मॉडेलमधला साधा पॉइंटर तुमच्याच सेगमेंटमध्ये बघतो.
- लायब्ररीचे एकही फंक्शन नको. प्रिंटएफ नको, मेमरी मागणे नको, आणि फार बफरसाठी मेमसीपीवायही नको. चार ओळींचा लूप लिहा.
- लाँगचा गुणाकार-भागाकार नको आणि एका स्ट्रक्चरला दुसरे नेमणेही नको. या दोन्हींसाठी कंपायलर न सांगता लायब्ररीतली मदतनीस रूटीन बोलावतो. १६ बिटांचा अनसाइन्ड इंट आपल्याला पुरतो.
- डॉसचे २१एच कॉल फक्त आदेश शून्याच्या वेळी आणि तेही मोजकेच: ०१एच ते ०सीएच, २५एच, ३०एच आणि ३५एच. बाकी वेळी डॉस स्वतः तुमच्या कॉलच्या मधोमध असतो आणि त्याला पुन्हा आत शिरता येत नाही.

तपासणी: दोन्ही स्ट्रक्चरचे साइझऑफ छापणारा छोटा स्वतंत्र प्रोग्राम त्याच पर्यायांनी कंपाइल करा. मूळ विनंती १३, वाचन-लेखनाची विनंती सुरुवातीच्या सेक्टरचा वर्ड धरून २२. विनंती १४ दिसली तर संरेखन चुकले आहे.

## टप्पा ५: ड्रायव्हर न बनवता सी तपासा

ड्रायव्हरच्या आत डीबगर घालणे त्रासाचे असते. म्हणून सीचा सगळा तर्क साध्या ईएक्सई प्रोग्राममध्ये आधी तपासून घ्या. दुसऱ्या एका सी फाइलमध्ये मेन लिहा. त्यात विनंतीचे स्ट्रक्चर हाताने भरा, आदेश ८ देऊन ‘अआइ’सारखे काही बाइट पाठवा, आदेश ४ देऊन परत मागा आणि परत आलेली संख्या छापा.

इथे मुद्दाम वाईट वागा. शून्य बाइट लिहा. २०४८ पेक्षा जास्त लिहा. रिकामे असताना वाचा. बफरच्या टोकाला येऊन पुन्हा सुरुवातीला जाणारे लेखन करा. माहीत नसलेला आदेश, समजा ४०, द्या आणि ८००३एच येते का पाहा. इथे सापडलेली चूक मिनिटात सुटते. तीच चूक बूट करताना सापडली तर संध्याकाळ जाते.

## टप्पा ६: लिंक, नकाशा आणि शेवटचा पत्ता

असेंबली फाइलच्या सुरुवातीलाच सगळे सेगमेंट हव्या त्या क्रमाने रिकामे जाहीर करा: कोड, डेटा, बीएसएस आणि सगळ्यात शेवटी बीएसएसचा शेवट दाखवणारा एक सेगमेंट. चौघांना डीग्रुप या एकाच गटात घाला. लिंकर सेगमेंट ज्या क्रमाने पहिल्यांदा पाहतो त्याच क्रमाने मांडतो. म्हणून लिंकरच्या ओळीत असेंबलीची ऑब्जेक्ट फाइल पहिली आणि सीची दुसरी. उलट केलीत तर हेडर फाइलच्या मध्ये कुठेतरी जातो आणि डॉस तुमच्या सी कोडचे पहिले १८ बाइट हेडर समजून वाचतो.

असेंबलीत सीच्या फंक्शनच्या नावापुढे अधोरेखा लावा आणि असेंब्लरला लहान-मोठी लिपी जपायला सांगा. फाइलच्या शेवटच्या एंडपुढे सुरुवातीचा पत्ता देऊ नका.

लायब्ररी अजिबात न देता लिंक करा. ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. चुकून एखादे लायब्ररी फंक्शन किंवा लाँगचा भागाकार राहिला असेल तर लिंकर नाव घेऊन सांगतो. ‘स्टॅक सेगमेंट नाही’ हा इशारा मात्र येणारच आणि इथे तो बरोबर आहे. तो घालवायला स्टॅक सेगमेंट जोडू नका, मग पुढचे रूपांतरच होणार नाही.

तपासणी: लिंकरचा नकाशा उघडा. कोड शून्यापासून सुरू झाला पाहिजे. मग डेटा, मग बीएसएस, मग शेवटची खूण. एकूण ६४ किलोबाइटच्या आत.

आता ईएक्सई२बिन चालवा, ईएक्सई फाइलची नुसती बाइटची रांग करणारी डॉसची युटिलिटी. ती तुमच्या डॉसच्याच आवृत्तीची हवी, नाहीतर आवृत्ती चुकीची म्हणून थांबते. तिने ‘फिक्स-अप्स नीडेड’ म्हणत बेस सेगमेंट विचारला तर काहीही टाइप करू नका. कुठेतरी सेगमेंटचा पत्ता वापरला गेला आहे, तो शोधून काढा. आकडा देऊन पुढे गेलात तर फाइल तयार होईल, पण ती मेमरीत त्याच एका जागी चढली तरच चालेल.

बीएसएसकडे या. किंमत न देता जाहीर केलेली ग्लोबल व्हेरिएबले, आपला २०४८ बाइटचा बफर धरून, बीएसएसमध्ये जातात. ती तयार फाइलमध्ये नसतात. एरवी स्टार्टअप कोड ती शून्य करतो. इथे तो नाही, म्हणून त्या जागी मेमरीत आधी जे होते ते असते. सुरुवातीचा निर्देशांक शून्य असेल हे गृहीत धरलेला कोड साध्या प्रोग्राममध्ये चालतो आणि ड्रायव्हरमध्ये बिघडतो, त्याचे कारण बहुतेकदा हेच.

उपाय: आदेश शून्य असेल तर सीला कॉल करण्याआधी असेंबलीतच बीएसएसची सुरुवात ते शेवट शून्याने भरा. फक्त त्याच वेळी, नाहीतर प्रत्येक आदेशाला बफर रिकामा होईल. तिसऱ्या टप्प्यात स्टॅक आणि साठवलेला पत्ता बीएसएसबाहेर ठेवायला सांगितले ते यासाठी. ते आत असते तर या सफाईत विनंतीचा पत्ता आणि परतीचा पत्ता दोन्ही पुसले गेले असते.

इशारा: बीएसएसच्या खुणांचा ऑफसेट घेताना तो डीग्रुपच्या संदर्भात मागा. नुसता ऑफसेट मागितला तर असेंब्लर तो त्या सेगमेंटच्या सुरुवातीपासून मोजतो, म्हणजे बीएसएसच्या सुरुवातीचा ऑफसेट शून्य येतो. मग सफाई तुमच्या हेडरपासूनच सुरू होते.

शेवटचा पत्ता, म्हणजे विनंतीच्या ऑफसेट १४ वर द्यायचा आकडा, बीएसएसच्या नंतरच्या खुणेचा द्या. फाइलच्या लांबीवरून काढू नका, कारण फाइलमध्ये बीएसएस नाही. तो कमी दिलात तर डॉस तुमच्या बफरच्या जागी पुढची गोष्ट चढवतो. ड्रायव्हर चढतो, संदेश छापतो, सगळे ठीक दिसते, आणि पहिल्या लेखनाला दुसऱ्याच कुणाची मेमरी बिघडते. सीने सुरुवात नाकारली तर शेवटचा ऑफसेट शून्य द्या, ऑफसेट १३ वर शून्य लिहा आणि हेडरच्या गुणधर्मातला १५वा बिट काढा. मग डॉस ड्रायव्हर मेमरीत ठेवत नाही.

## टप्पा ७: आदेश हाताळणे

हा भाग खरे तर सोपा आहे. नोंदसाठी एवढे पुरे: ० सुरुवात, ४ वाचन, ५ न काढता डोकावणे, ६ वाचनाची स्थिती, ७ आतली सफाई, ८ लेखन, ९ पडताळून लेखन (८ सारखेच), १० लेखनाची स्थिती, ११ बाहेरची सफाई. उरलेल्या सगळ्यांना ८००३एच.

६ आणि १० ला नुसते शून्य परत करा, नोंद कधीच व्यग्र नसते. ५ ला बफरमध्ये काही असेल तर तो बाइट ऑफसेट १३ वर ठेवून शून्य परत करा. काही नसेल तर नववा बिट, म्हणजे ०२००एच.

वाचनात दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, किती बाइट खरोखर दिले ते ऑफसेट १८ वर परत लिहायचे राहते. मागितलेली संख्या तशीच राहिली तर डॉस पूर्ण बफर भरला असे समजते आणि कचरा वाचते. दोन, शेवटाची खूण. बफर रिकामा असेल तर एक बाइट १एएच, म्हणजे कंट्रोल-झेड, द्या आणि संख्या एक लिहा. त्यावरूनच कॉपीला कळते की मजकूर संपला.

डॉस साध्या मोडमध्ये वाचन-लेखन एकेका अक्षराने करते आणि रॉ मोडमध्ये (जिथे ते अक्षरांवर काही प्रक्रिया करत नाही) एकदम बरेच बाइट देते. म्हणून एक बाइट धरून लिहिलेला कोड साध्या चाचण्यांत चालतो आणि रॉ मोडमध्ये उरलेले बाइट हरवतो. संख्येवर लूप पहिल्यापासून ठेवा.

## टप्पा ८: बूट आणि निदान

फ्लॉपीच्या कॉन्फिग.सिसमध्ये फक्त तुमच्या ड्रायव्हरची ओळ ठेवा. असेंबलीत एक छोटे रूटीन लिहून ठेवा: बायोसच्या १०एच इंटरप्टचे ०ईएच फंक्शन, एक अक्षर छापणारे. ते डॉसला विचारत नाही, त्यामुळे कोणत्याही आदेशात वापरता येते. इंटरप्ट रूटीनमध्ये शिरताना एखादे रोमन अक्षर, सीला कॉल करण्याआधी दुसरे, परत आल्यावर तिसरे, निघताना चौथे छापा. पडदा कुठे थांबला त्यावरून जागा कळते.

- एकही अक्षर आले नाही: हेडर सुरुवातीला नाही किंवा ऑफसेट चुकले. टप्पा २.
- दुसरे आले, तिसरे नाही: स्टॅक, डीएस किंवा सीची स्टॅक-तपासणी. टप्पे ३ आणि ४.
- चारही आले आणि मग यंत्र गोठले: रजिस्टरे उलट्या क्रमाने परत आली नाहीत, आयरेट लिहिला आहे किंवा शेवटचा पत्ता चुकला.
- प्रॉम्प्ट आला, पण लिहिलेले परत मिळत नाही: बीएसएस साफ केले नाही, किंवा प्रत्येक आदेशाला साफ होते आहे.
- सगळे चालते, पण मोठा प्रोग्राम उघडला की यंत्र कोसळते: मेमने दाखवलेला ड्रायव्हरचा आकार नकाशातल्या शेवटच्या खुणेशी ताडून पाहा.

प्रॉम्प्ट मिळाला की इकोने नोंदमध्ये एक ओळ पाठवा आणि नोंद कॉनवर, म्हणजे पडद्यावर, कॉपी करून ती परत पाहा. मग २०४८ बाइटपेक्षा मोठी मजकूर फाइल पाठवा. परत मिळणारा मजकूर फाइलच्या शेवटच्या भागाशी जुळायला हवा, कारण गोल बफरमध्ये सगळ्यात जुने आधी जाते. त्यानंतर एखादा मोठा प्रोग्राम चालवून बंद करा आणि नोंद पुन्हा वाचा.

हे सगळे पार पडले की छापणारी चार अक्षरे काढा, पुन्हा लिंक करा आणि डीबगमध्ये पहिले १८ बाइट परत एकदा पाहा. मगच हार्ड डिस्कच्या कॉन्फिग.सिसमध्ये ओळ टाका, आणि ती बूट फ्लॉपी ड्राइव्हशेजारीच राहू द्या.